आशामावशीचा धप्पा

नाशिक, ८ मार्च २००९

चि. रोशनीस अनेक आशीर्वाद.

काल, शनिवारी ७ मार्चला, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मी कॉलेज रोडवर जिलबी घेत असताना दोन अनोळखी मुली माझ्या पाया पडल्या. ऑर्कुटवरच्या आदर्श आशामावशी तुम्हीच ना, असं विचारून त्या पुडीकडे अशा बघायला लागल्या, की शेजारणीसाठी घेतली असं मी सांगून बसले. निवृत्त मुख्याध्यापिकेला भररस्त्यात खोटं बोलायला लावलंस.

तू माझ्या नावाची कम्युनिटी काढलीस, तिथे चारशे बारा माणसं जमली आणि मी साखर सोडली, पाणी वाचवायला रंगपंचमीही सोडली असं तू लिहिलंस, हे त्यांच्याकडून कळलं. बाई, गेल्या वर्षी माझा पाय प्लास्टरमध्ये होता. यंदा तो बरा आहे. बायकांच्या वेळेला रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा मारायचं मी आणि माझी मैत्रीण उज्वलाने ठरवलंय. तो मजकूर काढ. फोनवर तू रडतेस, म्हणून पत्र.

तुझी, अजिबात आदर्श नसलेली,
आशामावशी

पुणे, ११ मार्च

ती. आशामावशीस कृ. सा. न. वि. वि.

चुकलं माझं. पण यंदा उडी नको गं. महेश तुझी कम्युनिटी रोज निफाडला घरी वाचून दाखवतो. अशा मावशीची भाची डोळे मिटून करावी, असं त्याच्या आई, सावित्रीबाई, म्हणाल्या म्हणून तर साखरपुडा ठरला. तुझा रंगलेला फोटो कुणी टाकला तर लग्नाआधीच मी खोटारडी ठरेन. दोन किलो जिलबी आणते, दार लावून खा.

लोभ जिलबी संपेपर्यंत तरी असावा.

तुझी रोशनी

नाशिक, १८ मार्च

चि. रोशनीस आशीर्वाद.

खोट्या स्तुतीपुढे गप्प राहणं हेही खोटंच, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगत. तरी तुझ्यासाठी रंगपंचमीला मी रहाडीच्या काठावर साडी सावरून नुसती उभी होते. उज्वलाने एकटीनेच उडी मारली. तेवढ्यात हौदातून एक डोकं वर आलं आणि मला बघून पुन्हा बुडालं. माणूस श्वास किती वेळ धरणार? वर आल्या त्या सावित्रीबाई.

विहीणबाई, महेशला सांगू नका, असं त्यांनी हात जोडून विनवलं. आशामावशींसारखं वागायचं म्हणून तो घरात रंगाची पुडी येऊ देत नाही, आणि माझ्या नावाने त्या बिचाऱ्या तीन महिने बिनसाखरेचा चहा पिताहेत. मग मात्र मी धप्पा मारला.

फोटो सोबत आहे. दोघी सारख्याच केशरी आहोत. उंच ती मी, दात दिसताहेत ती तुझी सासू. मी बाहेर निघेपर्यंत त्यांची भीड चेपली होती, तेव्हा फोटोला त्यांचीही परवानगी आहे. प्लास्टरची हकीकत लिहून तो कम्युनिटीवर लाव, आणि महेशला साखरेचा डबा खाली काढायला सांग. हे केल्याचं लेखी उत्तर पाडव्याच्या दिवशी, २७ मार्चला, सकाळी दहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं, तर अकरा वाजता आम्ही दोघी विहिणी सायबर कॅफेत जाऊन बसणार आहोत.

आशामावशी