गाडीखालचं कुंकू

३ ऑक्टोबर

काल दसरा. गाडीची पूजा झाली — हार, नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आणि आज सकाळी बघते तर पोर्चमध्ये गाडीखाली लाल डाग! ह्यांनी पूजा उतरवायच्या आत गाडी धुतली असणार आणि कुंकवाचं पाणी खाली ओघळलं असणार. चांगलं झापलं. हार सुकेपर्यंत तरी दम धरवत नाही का तुम्हाला? हे म्हणाले, "म्या न्हाई धुतली." मी कसली ऐकते! फडकं घेतलं आणि पुसून मोकळी झाले.

५ ऑक्टोबर

कुंकू नाही ते. परवा पुसलं, आज परत आलं. बोटाला तेलकट लागतं. ह्यांना दाखवलं. खाली बसवत नाही, तरी भिंतीला धरून बसले, बोट बुडवलं, वास घेतला. "इंजनाचं न्हाई. गेअरचं ऑइल हाय हे. आटोम्याटिकचं लाल असतंय." आणि चेहरा असा पडला ह्यांचा! "नवी कोरी गाडी, सविता. आन गळती?"

गणपतीत तर आली. अजून सीटवरची प्लास्टिकं काढू दिलेली नाहीत ह्यांनी.

जन्म सगळा लोणावळ्याच्या स्टँडवर गेला. जीप चालवायची, पाहुण्यांना पॉइंट दाखवायचे, मळवलीला घरी यायचं. मग लकवा झाला. बाकी सगळं सुधारलं, डाव्या पायात मात्र ताकद आली नाही. क्लच दाबता येईना. जीप विकली आणि हे ओटीवरच्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. रस्त्याने गाडी गेली की आवाजावरून ओळखायची, एवढाच उद्योग. धड बोलणं नाही, धड जेवण नाही. मुलाने, समर्थने, चिंचवडहून ही क्लच नसलेली गाडी आणून दारात उभी केली, तेव्हा हे रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

तेव्हापासून माणूस जागेवर आला. मला कामशेतच्या बाजाराला नेतात, शेजारच्या अंबाजीभाऊंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात, येताना स्टँडवर उगाच चक्कर मारतात. म्हणून ते लाल डाग बघून मला धडकी भरली. खरं सांगायचं तर गाडीची काळजी नाहीच मला.

७ ऑक्टोबर

सर्व्हिस सेंटरला दाखवायलाच निघालो होतो. आधी कुसगावला पतपेढीत काम होतं. तिथल्या चढावर गाडी अडली. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही! मागे हॉर्नवर हॉर्न. हे ॲक्सिलरेटर दाबतच होते. "म्या काय बी न्हाई केलं! म्या काय बी न्हाई केलं!" कोणी काही म्हटलंच नव्हतं.

टोइंगवाले गाडी सोमाटण्याला घेऊन गेले. आम्ही रिक्षाने घरी आलो.

८ ऑक्टोबर

हे जेवले नाहीत.

९ ऑक्टोबर

सर्व्हिस सेंटरमधून गौरव म्हणून कोणा मुलाचा फोन. बोलायला गोड. "काकू, गिअरबॉक्सच्या खालचा नट कोणीतरी बाहेरच्या पान्याने खोललाय आणि ढिला बसवलाय. आतलं ऑइल बरंच गेलंय. आणि इंजिनात गरजेपेक्षा जास्त ऑइल भरलंय. दोन्ही नट जवळजवळ असतात. इंजिनाचा समजून हा खोलला असणार."

माझं डोकंच फिरलं. महिन्याची तपासणी तुमच्याकडेच झाली ना? तुमच्याच पोरांनी ढिला ठेवला आणि आता आमच्यावर ढकलता? म्हातारी माणसं बघून? घसा बसेपर्यंत भांडले.

मग समर्थचा फोन. "आई, बाबांनी तर हात नसेल ना लावला?" लाज नाही वाटत तुला, म्हटलं, ज्यांनी जन्मात गाडीला ओरखडा येऊ दिला नाही त्यांच्याबद्दल असं बोलायला? आणि फोन ठेवून दिला.

हे ओटीवर ऐकत होते. म्हणाले, "बराबर भांडलीस."

११ ऑक्टोबर

सकाळपासून तीनचार वेळा पोर्चमध्ये जाऊन उभे राहिले. मोकळ्या जागेकडे बघतात आणि परत येतात. अंबाजीभाऊ गप्पा मारायला आले होते, त्यांच्याशीही बोलले नाहीत. "वैनी, ह्यांचं ध्यान न्हाई हितं," म्हणाले भाऊ जाताना.

१२ ऑक्टोबर

लिहून ठेवायला हवं.

जीप होती तेव्हा दर दसऱ्याआधी हे घरीच ऑइल बदलायचे. गॅरेजवर विश्वास नाही! आणि काढलेलं जळकं ऑइल मागच्या पडवीच्या लाकडी खांबांना फासायचे, वाळवी लागू नये म्हणून. खांब काळे कुळकुळीत झालेत त्याने.

आज हे ब्रश घेऊन पडवीत रंगवत बसले होते. मला बरंच वाटलं, काहीतरी हालचाल करतायत. चहा घेऊन गेले. ब्रशवरचं ऑइल लाल होतं.

"कुठलं ऑइल हे?"

"जिपचं. दसऱ्याआदी काढलं न्हवं का! नवं टाकलं. आता वरीसभर बघाय नको."

"जीप कुठाय?"

माझ्याकडे बघितलं. मग पोर्चकडे. "समर्थ घिऊन गेला असंल," म्हणाले, आणि पुढचा खांब घेतला.

समर्थला जीप चालवताच येत नाही. आणि जीप विकताना कागदावर सही ह्यांनीच केली होती.

नवरात्रात मी बहिणीकडे परंदवडीला राहिले होते, तेव्हाच केलं असणार. एकटेच. तो पाय ओढत गाडीखाली कसे शिरले असतील? काही झालं असतं तर? चहा तिथेच कट्ट्यावर ठेवला आणि मोरीत जाऊन पोटभर रडले.

१३ ऑक्टोबर

गौरवला फोन केला. चूक आमचीच, म्हटलं. त्या दिवशी नको नको ते बोलले, मनावर घेऊ नकोस. तो म्हणाला, "काकू, होतं असं कधीकधी." त्याने उलट चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

समर्थला सगळं सांगितलं. कार्ला फाट्यावर हे मध्येच थांबले होते तेही. कुठे वळायचं, मला विचारत होते — आणि मी हसले होते! एवढी वर्षं पाहुण्यांना कुठे फिरवत होता मग, म्हणून चिडवलं होतं. दिवाळी झाली की मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. समर्थ म्हणाला, "आई, चावी काढून घे. उद्या कोणाला उडवलं तर?"

बरोबरच आहे त्याचं. पण चावी काढून घेतली की हे परत त्या खुर्चीत. हे मी करायचं. मीच!

१६ ऑक्टोबर

गाडी आली. हे तिच्याभोवती फिरले, बॉनेटवर हात फिरवला. "आली का माजी बाय!" किती दिवसांनी हसले.

चावी मी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. मागतील तेव्हा काय सांगायचं ते पाठ करतेय — सर्व्हिस सेंटरवाल्यांनी अजून चालवायची नाही म्हणून सांगितलंय. बालवाडीत एवढ्या मुलांना शिकवलं, खोटं बोलू नये. आता ह्या वयात माझीच उजळणी चाललीय.

१७ ऑक्टोबर

मागितली नाही.

१९ ऑक्टोबर

आजही नाही. खिळ्याकडे बघतसुद्धा नाहीत, जिथे चावी असायची. रागावलेत का? कळलंय का ह्यांना? मी भांडणाची तयारी करून बसलेय आणि भांडणच होत नाही. त्याचीच जास्त भीती वाटतेय.

२२ ऑक्टोबर

पाडवा. गाडीला हार घालायला तिचं दार उघडलं होतं, ते तसंच राहिलं. घरात येऊन ह्यांना ओवाळलं. ह्यांनी नवा शर्ट घातला आणि बाहेर गेले. गाडीचं दार वाजलं. धावत गेले.

हे डाव्या बाजूच्या सीटवर बसले होते. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून.

"डायवर आला न्हाई का अजून?"

येतोय म्हटलं, आणि मागे बसले.