उलट फिरणारं इंजिन

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच कुठंतरी सारून ठेवशील, म्हणून पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतला. या लबाडीबद्दल हवं तेवढं रागाव. पण फोडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच.

बाबांबद्दल तू विचारणार नाहीस, तरी सांगते. शरीर ठणठणीत आहे, माणूस मात्र थोडा थोडा निघून चाललाय. जेवून उठतात आणि जेवायला कधी वाढतेस म्हणून विचारतात. मला 'अहो बाई' म्हणतात, उगाच त्रास दिल्याबद्दल माफीही मागतात. ज्यानं मला दोन वेण्या घालून शाळेत पाठवलं, त्या माणसानं माझी माफी मागावी, हे मला रोज नव्यानं सहन होत नाही. पाना हातात दिला की बोटं तेवढी बरोबर बसतात. वर्कशॉप आता मीच चालवते. नवीन गिऱ्हाईक माझ्या तेलकट हातांकडे बघत, "मेकॅनिक कुठे गेलेत?" असं मलाच विचारतं. मी म्हणते, चहा प्यायला गेलेत, तोवर तुम्ही बॉनेट उघडा.

मागच्या शेडमधलं डिझेल इंजिन तू पाहिलेलं नाहीस. तू घर सोडलंस, त्यानंतर बाबांनी ते भंगारवाल्याकडून ओढत आणलं. दोन सिलिंडरचं, माझ्या खांद्याएवढं उंच धूड. कंपनीची पाटी नाही, पाटीच्या जागी नुसती भोकं. आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे ते उलट फिरतं. हँडलसुद्धा उलटं मारावं लागतं. सवयीनं सरळ मारायला गेलेल्या कितीतरी शहाण्यांचे खांदे त्यानं धरवलेत. बाबांनी जोडतानाच घोळ घातला असणार, असं म्हणून लोक हसायचे. कुठून आणलं म्हणून कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "आकाशातून पडलं, पडताना उलटं झालं." दर रविवारी ते चालू करायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. मला त्या इंजिनाचा भयंकर राग यायचा. घरात बिनआईची पोर, आणि यांचं लक्ष त्या धुडाकडे!

बाकी सगळं विसरले तरी रविवार ते विसरले नाहीत. वाराचं नाव सांगता येत नाही, पण तो दिवस आला की शेडच्या दारात जाऊन उभे राहतात. मध्यंतरी इंजिनाच्या डिझेल पंपातली एक दांडी तुटली आणि ते बंद पडलं. त्या दिवशी बाबा लहान मुलासारखे रडले. तशी दांडी बनवून घ्यायची तर मूळ माप हवं, माप हवं तर इंजिन कुठलं ते कळायला हवं. म्हणून जुन्या इंजिनांचा नाद असलेल्या एका निवृत्त मास्तरांना बोलावलं. त्यांनी चाक हातानं फिरवून पाहिलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, हे उलटं जोडलेलं नाही. हा डावा बूट आहे. उजवा कुठाय?" मग समजावून सांगितलं. पाण्याखाली दोन पंखे फिरतात अशा बोटींमध्ये इंजिनांची जोडी बसवायचे, एक सरळ फिरणारं, एक उलट. हे डाव्या बाजूचं. बाजूचं झाकण काढून आत लोखंडातच ओतलेला नंबर आहे का बघा, म्हणाले.

नंबर होता, दादा. त्याच्या शेजारी छिन्नीनं मारलेले चार ठिपकेही होते.

बाबांची खूण तुला सांगायला नको. काम झालं की झाकणाच्या आत, घरात जितकी माणसं तितके ठिपके. मी पाना धरायला शिकले तेव्हापासून दोनच ठिपके बघत आलेय, ते आणि मी. चार कधीचे, हे उघडच होतं. आपण चौघं होतो तेव्हाचे. म्हणजे आकाशातून पडलेलं हे इंजिन बाबांनी आई असतानाच खोललेलं होतं. झाकण हातात धरून मी तिथंच खाली बसले. पलीकडच्या काठावर जाणाऱ्या ज्या बोटीतून आई गेली आणि आलीच नाही, त्या बोटीला दोन पंखे होते का, एवढंच मला मास्तरांना विचारायचं होतं. पण मी त्यांना फक्त नंबर वाचून दाखवला.

मी तेव्हा इतकी लहान होते की मला फक्त दारातल्या चपला आठवतात. त्या बोटीचं इंजिन बाबांनी आदल्याच दिवशी खोलून जोडलं होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंना खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. चौकशीत 'इंजिन बंद पडल्याने अपघात' एवढंच निघालं, हेही त्या बोलल्या. आणि भरल्या घरात सगळ्यांसमोर तू बाबांना काय म्हणालास, तेही सांगितलं. "आई तुमच्या हातानं गेली." मग तू गेलास. बाबांनी मात्र पाण्यातून काढलेलं ते इंजिन घरी आणलं, पाटी उपटून टाकली आणि जन्मभर त्याला कान लावून बसले. आपली चूक शोधत होते, दादा. आणि ते इंजिन रविवारमागून रविवार चोख चालत होतं. एकदा तरी ते अडखळलं असतं, तर बिचारे सुटले असते.

मी बोटीच्या धक्क्यावर गेले. त्या बोटीवरचा एक खलाशी अजून आहे, आता तिकीटखिडकीत बसतो. मी कोण ते सांगितल्यावर तो खिडकी बंद करून बाहेर आला. मग म्हणाला, "उजवं बंद पडलं, पोरी. डावं चालूच होतं. एकच बाजू ढकलत होती म्हणून तर बोट उजवीकडे ओढत गेली आणि पुलाच्या खांबावर आपटली. पाणी डोक्यावर आलं तरी डावं धडधडत होतं." उजवं इंजिन गाळात रुतलं ते कुणी काढलंच नाही. त्याला बाबांनी कधी हातही लावला नव्हता, हेही त्यानंच सांगितलं. दोनांतलं कुठलं बंद पडलं, हे बाबांनी आजवर कुणाला का विचारलं नाही, असं मी त्या खलाशालाच विचारलं. तो म्हणाला, "एकदा आले होते इथवर. मला बघून परत फिरले." काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. आमच्या घरात तर कळशाकडे बघायचीच भीती होती. एका निर्दोष यंत्रात एक निर्दोष माणूस आयुष्यभर गुन्हा शोधत राहिला. मी बाजूच्या खोलीत बसून त्याचा राग राग करत राहिले.

नंबरावरून माप मिळालं, दांडी बसली. परवाच्या रविवारी इंजिन पुन्हा चालू केलं. बाबा कान लावून ऐकत होते, तेव्हा त्यांच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. डावं, उजवं, खलाशी, खांब, सगळं. दोनदा सांगितलं. परक्याच्या घरची बातमी ऐकावी तसं त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. मला वाटलं, पोचलं. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून हळूच म्हणाले, "ते खरं हो बाई, पण थोरला म्हणतो ना, माझ्या हातानं गेली म्हणून."

माझं नाव गेलं, आईचा चेहरा गेला, जेवणाची चव गेली. तुझं ते एक वाक्य तेवढं जागच्या जागी आहे. मी घासून बघितलं, ते माझ्यानं निघत नाही. ज्यानं ठोकलंय त्यालाच काढावं लागेल. तुलाही तेव्हा मिसरूड फुटत होतं, आई गेली होती, मी तुला दोष देत नाहीये. उशीर झालाय, हेही मला कळतं. तू येशील आणि ते तुला 'अहो साहेब' म्हणतील, तू बोलशील आणि ते चहाचं विचारतील, असंच बहुतेक होईल. मला फारशी आशा नाही. तरी ये. त्या रविवारनंतर इंजिनाचं झाकण मी पुन्हा काढलं, ते अजून लावलेलं नाही. आत ठिपके किती मारायचे, ते मला ठरवता येत नाहीये.

तुझीच,
तू 'स्क्रू' म्हणायचास ती