कालव्याची वाट

क्लातेन, जावा
९ जानेवारी १९९४

चि. विनार्सीला आईचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. बाबा गेल्यापासून त्यांची सायकल भिंतीला टेकून होती. परवा हवा भरून बाहेर काढली. पाय पेडलला जेमतेम पोचतात. शेजारची मुर्तिनी म्हणाली, म्हातारपणी सर्कशीत जाणार का. मी म्हटलं, तिकीट काढून ये.

हमरस्त्याला ट्रक फार, म्हणून नवा पूल ओलांडून कालव्याच्या वाटेने गेले. जन्म इथे गेला, पण ही वाट पाहिली नव्हती. चिंचेच्या खोडाला आरसा ठोकून एकजण केस कापतो. कुणी तांदळाचे पापड चक्क कबरस्तानाच्या भिंतीवर वाळत घातले होते. बाबांनी एखादा उचललाच असता.

मग होल्यांचे पिंजरे टांगलेलं घर आलं आणि दार्मांतो बाहेर आला. मी त्याच्या दारात उभी होते. कडेवर त्याची मुलगी. काकू, चहा घेऊन जा म्हणाला. मी चहा अर्धाच ठेवून सायकलवर बसले.

विनार्सी, कालवा सरळ पश्चिमेला जातो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपलं परसू कालव्यावर, त्याचं अंगणही कालव्यावर, म्हणजे त्याचं घर आपल्या थेट पश्चिमेला, वायव्येला नाहीच. दोन घरं वायव्येच्या रेघेवर आली तर सोयरीक नको, घरात मरण येतं, या जुन्या समजुतीपायी बाबांनी तुमचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यांनी अंदाज बांधला तो हमरस्त्यावरून, आणि तो बाजारापाशी उत्तरेला वळतो. त्यांना हे कळलं असतं तर ते खचले असते. न कळता गेले, तेच बरं.

रमजानच्या आधी गावाबरोबर कबरी झाडायच्या आहेत. तू रागाने गेलीस ती मातीलाही पोचली नाहीस. बाबांची कबर मी एकटीने झाडू का, एवढं कळव. माया आटलेली नाही, तुझीही आटू देऊ नकोस.

तुझी
आई

सेमारांग
१७ जानेवारी १९९४

ती. आईच्या पायांशी विनार्सीचा नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आई, बाबांना कळलं होतं. जाण्याच्या महिनाभर आधी ते इथे आले होते. तुला सोलोला मामांकडे जातो म्हणाले असतील. आल्या आल्या माझ्या दाराची सैल कडी बसवली, जेवले, आणि मग नुसतं कालव्याबद्दलच बोलत राहिले. पूल झालाय, सायकलने गेलं की वाट अगदी सरळ जाते, कुठेच वळत नाही. हेच पुन्हा पुन्हा. मला वाटलं, बाबा म्हातारे झाले. चुकलो म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. शेवटी मीच म्हटलं, तुमची बस सुटेल. त्यांनी चपला घातल्या.

आपल्याकडे मोठी माणसं धाकट्यांपाशी चूक अशीच कबूल करतात, भलतंच काही बोलून. हे मला ठाऊक होतं, तरी तुझं पत्र येईपर्यंत उमगलं नाही. दार्मांतोचं मला आता काही वाटत नाही. त्या बसचं वाटतं.

कबर एकटीने झाडू नकोस. मी शुक्रवारी येते. तिथे बसून एवढंच सांगायचंय, की हो बाबा, वाट सरळ आहे.

आहे तशी मला पदराखाली घे.

तुझी
विनार्सी