सुटानग समीक्षाच्या नावावर

मी, मल्हार आप्पासो मदने, वय चोवीस, राहणार विटा, दहावी दुसऱ्या झटक्यात पास, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहितोय. कुणाचा दाब न्हाई, दारू न्हाई, आणि या खेपंला चेष्टाबी न्हाई. परवा मिरजेला माझ्या हृदयाची झडप बदलायची हाय. डॉक्टर म्हणले, "घाबरू नकोस." म्हटलं, "घाबरत न्हाई, पण जुना नग परत द्या. आमच्या धंद्यात तसाच नियम हाय." डॉक्टर हसले. आण्णा, म्हंजे माझे वडील, हसले न्हाईत.

१. माझी मोटरसायकल चुलतभाऊ दिग्विजयला. ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, ती करामत माझी. दुरुस्त करायची न्हाई, ही अट.

२. रबरी पाल बिराप्पाला. हा आमच्या शेडातला, लेथवर लोखंडाचे भाग कातणारा टर्नर. पाल दिसली की अजून लेथ बंद करून पळतो. मालकी मिळाल्यावर तरी भीती जाईल.

३. आता मुद्द्याचं. सुटानग.

मशीनचा भाग मोडला आणि कंपनीकडं मिळंना, तर सुटानग या आमच्या वेबसाईटवर फोटो टाकायचा. ज्या शेडवाल्याला जमतं तो भाव सांगतो, बनवून पाठवतो. सुरुवात गमतीत झाली. आण्णांची लेथ बसून होती, म्हणून मी मोबाईलवर टाकलं, "मोडलेलं लग्न सोडून काहीबी बनवून मिळंल." इस्लामपूरच्या रसवाल्यानं चरकाचा गिअर पाठवला. मग आमचे विट्याचे गलाईवाले, गावोगाव सोनं गाळणारे, त्यास्नी भट्टीची झाकणं आणि साचे लागायचे. त्यांनी आपापल्या ग्रुपवर टाकलं, आणि कोईमतूरपासून गुवाहाटीपर्यंतनं फोटो यायला लागले. एकट्या आण्णांच्यानं हुईना, म्हणून सांगली-साताऱ्याची शेडं जोडली. आता मेढ्याचा भातगिरणीवालाबी आमच्याकडनंच नग घेतो.

पण मधी सगळं बुडायची पाळी आलेली. एकानं तुटका शाफ्ट पाठवून तसलेच डझनभर मागवले. त्याला आधी कुणीतरी वेल्डिंग मारलेलं, त्याचा टेंगूळ तसाच. आण्णांची जुनी रीत, नग जसा आला तसा करायचा. त्यांनी सगळे शाफ्ट टेंगळासकट केले, टेंगूळबी कसा गुळगुळीत! एकबी बसला न्हाई. मी लोळून हसलो. धाकटी भैन समीक्षा हसली न्हाई. तिनं गिऱ्हाइकाला फोन लावला, "दादा, शाफ्ट ज्यात बसतो तो भागबी पाठवा." त्याच दिवशी तिनं साईटवर नियम घातला, तुटका नग एकटा घेणार न्हाई, जोडीदारासकट पाठवा. तवापास्नं माल परत यायचा थांबला, आणि नव्या शेडवाल्यांचा भरवसा बसला. शाबासकी लोक मला देत्यात. डोकं तिचं हाय.

मागल्या आठवड्यात जेवताना आण्णा म्हणले, "मल्हारला काय कमीजास्त झालं तर सुटानग दिग्विजय बघंल."

"बघतो की काका. पुण्याची कंपनी विकत मागतीया, देऊन टाकू."

ती कंपनी सगळ्या मालावर आपलंच नाव घालणार. कुठल्या शेडानं नग केला, कुणाला कळायचं न्हाई.

मी म्हटलं, "समीक्षा हाय की."

"तिचं उद्या लगीन हुईल, मग?"

समीक्षा म्हणली, "आवं आण्णा, वेबसाईट सासरी न्यायला टेम्पो लागत न्हाई."

आण्णा ताटावरनं उठले.

तर मी लिहून देतो की सुटानग, त्याचं नाव, पासवर्ड, बँकेचं खातं, सगळं समीक्षाचं. विकायचं का ठेवायचं, ते तिनं ठरवायचं. ज्या शेडानं नग केला त्याचं नाव नगाबरोबर जाईल, एवढं तिनं सांभाळावं. दिग्विजयनं तिच्याकडं काम मागावं. पॅकिंग तो लय झकास करतो, हे मी हयातीत कधी बोललो न्हाई.

४. वकील म्हणले, साक्षीदार घराबाहेरचे घ्या. मी म्हटलं, ज्यांचा विरोध हाय त्यांचीच सही पायजे. आण्णा, सही केली की नंतर "मला म्हाईत नव्हतं" म्हणता यायचं न्हाई. पटत नसंल तर जागा कोरी ठेवा. मी रुसणार न्हाई. पण माझ्या आजारपणाकडं बघून सही करू नका, तिच्या कामाकडं बघून करा.

विटा, १२ जानेवारी २०२६
(सही) मल्हार आप्पासो मदने

साक्षीदार:
१. (सही) बिराप्पा लालासाहेब हाके. पाल नको. सही करतो.
२. (सही) आप्पासो ज्योतिबा मदने. सगळं वाचलं. हे मेल्यावरचं काम नव्हं. उद्या सकाळी वकिलाकडं जाऊन तिच्या नावावर करू, मग मिरजेला निघू.