रबराची रिंग

प्रिय शुन्साकु,

इकडे सुवा तळ्यावरचा बर्फ वितळला. तुझी आई मला हसते. "अहो, पोरगं नागासाकीच्या समुद्रात काम करतं, आणि काळजीत बुडता मात्र तुम्ही!" हसू दे. पुढच्या महिन्यात तू पुलाच्या खांबांसाठी खोल उतरणार, आणि तुझ्या घड्याळात पाणी शिरू न देणारी रबराची रिंग जुनी झाली आहे. ती बदलल्याशिवाय उतरू नकोस. मनगटावर कॉम्प्युटर असतो म्हणतोस. तो बंद पडला तर?

परवा घड्याळांच्या कारखान्यातले दिवस आठवले. टायटॅनियम नवीन आलं तेव्हा जुने कामगार नाकं मुरडायचे. "रंग राखेचा, वजन पापडाचं, हे कोण घेणार?" लेथवर त्याचा कीस पेटायचा, विझवायला पाणी चालत नसे, वाळूची बादली जवळ ठेवायची. मी तर स्टीलच्या सवयीने एका घड्याळाचं झाकण ग्रीस न लावता कोरडंच फिरवलं. आटे एकमेकांना असे चिकटले की निघेनात. ओगुची उस्ताद म्हणाले, "गेन्जी, लग्न लावलंस की रे यांचं! आता काडीमोड कोण करून देणार?" सगळे पोट धरून हसले. तुझं घड्याळही टायटॅनियमचंच, म्हणून सांगतो, बंदरावरच्या कुठल्याही दुकानात झाकण उघडू देऊ नकोस.

पाण्यात किती वेळ गेला ते मोजायचं काचेभोवतीचं कडं एकाच बाजूला फिरतं ना, ते मला फार आवडतं. धक्का लागून सरकलं तरी गेलेला वेळ जास्तच दाखवतं. माणूस उशिरा नाही, लवकर वर येतो. आई म्हणते, हे कडं तुमच्यावरूनच काढलंय.

घड्याळ मात्सुमोतोच्या कितझुमेकडे पोस्टाने पाठव. तो आमच्याच कारखान्यातला, ग्रीस विसरणार नाही. माझ्याकडे आणू नकोस. या हिवाळ्यापासून रिंग खाचेत नीट बसली की नाही, ते माझ्या बोटांना कळत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. एक वर्षाआड तू रिंग बदलायला यायचास. ती लोणचं काढून ठेवायची, मी मुद्दाम सावकाश काम करायचो. आता रिंगसाठी इथवर यायचं कारण उरलं नाही. तरीही ये, बाळा.

तुझाच, वाट पाहणारा,
बाबा