लाइलचे हात

३ सप्टेंबर १९९६, मंगळवार

दुपारी कॉयोटी फ्लॅटला पोचले. आयडाहोहून सहा तास गाडी चालवली, तरी शीण असा नाहीच. गाव छोटं, रस्ते रुंद, कडेला सफरचंदाच्या बागा आणि पुढे नुसतं झुडपांचं माळरान. त्या माळावरची अणुभट्टी बंद पडून वीस वर्षं झाली. आता तिथली घाण उपसायचं काम चालू आहे, आणि उपसणाऱ्या माणसांना स्वतःला जपायला शिकवणं हे माझं काम.

राहायची सोय मुकादम लाइल हॅव्हर्टीच्या घरी, माडीवर. त्याची बायको जॉइस हसतमुख. गुडघे दुखतात, पण स्वस्थ बसणं तिला ठाऊक नाही. मी येणार म्हणून तिनं रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाय-पेस्ट्री भाजून ठेवली होती. मी दोन तुकडे खाल्ले.

लाइल एकतीस वर्षं साइटवर आहे. म्हणाला, "मास्तरीणबाई, तुम्ही दप्तर घेऊन शाळेत जात होता ना, तेव्हापासून माझी आणि रेडिएशनची ओळख आहे." हिशेब बरोबर होता. मलाही हसू आलं.

९ सप्टेंबर, सोमवार

पहिला वर्ग. लाइल धरून अकरा माणसं. हातमोजा कसा उलटा करत काढायचा, त्याच्या बाहेरच्या बाजूला उघडं बोट का लावायचं नाही, रेडिएशन लागलं की टिकटिकणारं मीटर अंगावरून किती सावकाश फिरवायचं, सगळं करून दाखवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, एवढ्या सावकाश तर मी लग्नाच्या रात्रीही कपडे काढले नव्हते." सगळे खो खो हसले.

सुट्टी होताना दाराशी उभी राहून पाहिलं. लाइलनं मीटर दोनदा सपसप फिरवलं आणि निघाला. मी त्याला थांबवून पुन्हा करायला लावलं. त्यानं केलं, पण बाकीच्यांकडे बघून डोळा मारला.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज कोणाला न सांगता अवजारांच्या मुठींना पूड चोळली. पूड निरुपद्रवी आहे. एरवी दिसत नाही, खास दिव्याखाली निळी चमकते. काम संपल्यावर सगळ्यांना खिडक्या नसलेल्या खोलीत बोलावलं, बत्त्या घालवल्या आणि तो दिवा लावला.

कानाच्या पाळ्या चमकल्या. ओठ चमकले. कॉफीचे मग, सिगारेटची पाकिटं, एकाच्या पाकिटातला मुलीचा फोटो.

लाइलची कॉलर, मनगटं आणि लग्नाची अंगठी निळी होती. तो अंगठी शर्टाला घासत राहिला. म्हणाला, "पूड आहे ही. पुडीनं कोणी मरत नाही." मी म्हटलं, पूड जिथे पोचली तिथे बाकीचंही पोचतं.

२२ सप्टेंबर, रविवार

दोघं चर्चला गेली होती. दिवा माझ्या पिशवीत होता. सहज म्हणून स्वयंपाकघराचे पडदे ओढून तो लावला.

फ्रिजची मूठ. टेलिफोन. जॉइसच्या खुर्चीची पाठ, तिचा ॲप्रन, पावाची सुरी. जिन्याच्या कठड्यावर पार वरपर्यंत बोटांचे ठसे. मग आरशात पाहिलं. माझ्या ओठाच्या कोपऱ्याशी एक ठिपका.

तोंड तीनदा धुतलं. पूड निरुपद्रवी आहे, मीच सांगते सगळ्यांना. तरी दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

डोकं दुखतंय म्हणून रजा घेतली आणि साइटवरून मीटर आणलं. जॉइस म्हणाली, तपासा की, घर तुमचंच आहे.

फ्रिज गप्प. टेलिफोन गप्प. जीव भांड्यात पडला.

तळघरात धुण्याचं टाकं आहे. यंत्रात कॉलर झिजतात म्हणून लाइलचे कपडे ती हातानं धुते. पहिल्या पायरीवर टिकटिक सुरू झाली. टाक्यापाशी ती सलग चरचर झाली. जॉइसचे हात पाण्यात होते. मशीन काय म्हणतंय, तिनं विचारलं. मी मीटर तिच्या हातांजवळ नेलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पाण्यातून बाहेर काढले.

माझे हात घासून तपासले. स्वच्छ निघाले.

२४ सप्टेंबर

लाइलला सांगितलं. तो पायरीवर बसला. मग सगळं सांगितलं. मीटर ओरडलं की काम दोन-दोन दिवस बंद पडायचं, म्हणून मीटर ओरडलेल्या माणसाला तो मागच्या, तपासणी नसलेल्या फाटकानं घरी धाडायचा. दोन वर्षं. स्वतःही तसाच यायचा. अकराही जण.

अकरा घरं.

"जॉइसला सांगू नका," तो म्हणाला. ती त्याच्या मागे दारातच उभी होती.

२५ सप्टेंबर

अहवाल दिला. काम बंद. लाइलनं नावं स्वतःच लिहून दिली, पहिलं त्याचं.

फोन थांबत नाहीत. बायका विचारतात — पाळणा धुतला तर चालेल का — मूल बापाच्या छातीवर झोपायचं, ते — मी काय सांगू —

२६ सप्टेंबर

घराला धोक्याची पिवळी पट्टी लावली. आम्ही तिघं मोटेलात. जॉइस लाइलशी बोलत नाही. हात घासते. साल निघाली तरी घासते. मी ब्रश हिसकावून घेतला. खरचटलेल्या कातडीतून आत —

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दवाखाना. पोलादी खोलीत माणसाला निजवून पोटात गेलेलं रेडिएशन मोजतात. जॉइस आत. तंत्रज्ञ प्रुइट तिला स्वतःच्या कुत्र्याच्या गमती सांगत होता.

लाइल दोन खुर्च्या सोडून. हात मांडीखाली दाबून बसलाय.

प्रुइट बाहेर आला. नवे हातमोजे घालून. जॉइसचा कागद पालथा धरलाय. आत नेण्याआधी सगळ्यांना मीटर लावायचा नियम. लाइलचं झालं. माझी पाठ, बूट — गप्प. हाताशी टिकटिक. हात उचलला तर थांबली. हात नाही —

ही वही. टाक्याच्या कट्ट्यावर टेकवून आकडे लिहिले होते. सगळं तपासलं, हिला कोणी —

प्रुइट चार पावलं मागे सरलाय. पेन ठेवा म्हणतो, सावकाश, वही जमिनीवर, आणि विचारतो, पानं उलटताना बोट जिभेला लाव—