जुळ्यातली दुसरी

रविवार, १९ नोव्हेंबर

ताईस,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. भावजींचं रक्तदाबाचं दुखणं आटोक्यात असेल अशी आशा. पाठ्यपुस्तकातलं तुझं प्रकरण वाचलं. चित्रं रंगीत आलीत, छान दिसतात.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. दचकायलाच हवं.

मंगळवारी एक शोधनिबंध प्रसिद्ध होतोय. हे पत्र मी मुद्दाम साध्या टपालाने टाकतेय. तुझ्या हातात पडेल तोवर गुरुवार उजाडलेला असेल आणि तुझा फोन वाजून वाजून थकलेला असेल. आधी कळवून तुला सावरायला वेळ देण्याची माझी इच्छा नव्हती.

परवा आईने मटार सोलता सोलता विचारलं, "तुम्हा दोघींचं बिनसलं तरी कशावरून ग?"

म्हटलं, "एका सूक्ष्मजीवावरून."

"तो कुठला मेला?"

मग सांगत बसले. उकळत्या झऱ्यात राहतो, हवा लागली की मरतो, हायड्रोजन खातो आणि मिथेन सोडतो. मिथेन बनवायचं काम त्याच्यातलं एक एन्झाइम करतं. त्यात बोगद्यासारखी अरुंद वाट असते आणि तिच्या टोकाशी पिवळ्या कड्यात बसवलेला निकेलचा एक अणू. तेवढ्या उष्णतेत अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो, मग हे एन्झाइम कसं टिकतं? ते समजायचं तर त्याचे स्फटिक वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि आतली रचना काढायची.

"एवढंच ना? मग त्यात भांडायचं काय?"

सात महिने, ताई. भांडायला माझे सात महिने होते. त्या हवाबंद प्लॅस्टिकच्या तंबूला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून मी रोज एन्झाइमचे थेंब लावायचे, स्फटिक धरतील म्हणून. हाताला घामोळं आलं होतं. तू म्हणायचीस, "तुझ्या हाताला गुण आहे, माझे तर सगळे थेंब नासतात." शेवटी एका थेंबात चार पिवळे स्फटिक आले, मोहरीहूनही बारीक. तेव्हा तू मला मिठी मारलीस. ती खरी होती, हे मी अजूनही मानते.

क्ष-किरणांच्या यंत्रावर आपल्याला दीड दिवस मिळाला आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाबांचं जास्त झालं. तू म्हणालीस, "तू बाबांजवळ थांब. मी जाऊन येते. स्फटिक तुझेच आहेत ग." मी थांबले. तू गेलीस. बाबा गेले. आणि तीन महिन्यांनी तुझा निबंध आला, त्यात मी शेवटच्या पानावर, आभारांमध्ये, काचेची भांडी धुणाऱ्या बाईंच्या खाली.

हे सगळं तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

त्या जीवाकडे हे एन्झाइम दोन प्रकारचं असतं, जुळ्या बहिणींसारखं. हायड्रोजनची चणचण झाली की एक कामाला येतं, मुबलक असला की दुसरं. तो जीव वाढवायची टाकी आपण नेहमी हायड्रोजन कमी पडेपर्यंत चालवायचो, म्हणून आपल्या हाती कायम पहिलं यायचं. पण बाबांना पहिला झटका आल्याचा फोन आला, त्या दिवशी मी टाकी दोन दिवस आधीच उपसली आणि घरी पळाले. हायड्रोजन तेव्हा जोरात चालू होता. म्हणजे त्या खेपेला आपल्याला जुळ्यातली दुसरी मिळाली होती. वहीत मी वेळ आणि वायूचा जोर लिहिला. नळीवर फक्त नंबर टाकला.

तू तिला पहिली समजलीस. क्ष-किरणांचं चित्र धूसर होतं, ते पहिलीच्या साच्यात कोंबलंस, आणि एन्झाइमच्या साखळीतल्या ज्या तीन जागा तिथे नव्हत्याच त्यांच्यावर उष्णता सोसण्याचा अख्खा सिद्धांत उभा केलास.

तुझा निबंध हातात पडला त्याच संध्याकाळी मी वही काढली आणि सगळं लख्ख दिसलं. फोन उचलला, तुझा नंबरही फिरवला. वाजायच्या आत ठेवून दिला. मनात म्हटलं, बांध. चढव मजल्यावर मजले. तुला विभागप्रमुख केलं तेव्हा मूग गिळून बसले. तुझा सिद्धांत पुस्तकात गेला तेव्हा तर मी माझ्या कॉलेजच्या मुलांना तो शिकवला, परीक्षेत प्रश्नही घातला. गंमत वाटायची. खोटं कशाला बोलू?

मग तुझ्या त्या चष्मेवाल्या विद्यार्थिनीचं पत्र आलं. तीच, जी चार वर्षं तुझ्याकडे त्या तीन जागा बदलून बघत होती आणि एन्झाइमला ढिम्म फरक पडत नव्हता. तू तिला सांगितलंस, "तुझे हात साफ नाहीत." तिने आभारांतलं माझं नाव शोधून विचारलं होतं, "ते स्फटिक कोणत्या खेपेचे होते, आठवतं का?" मी दोन ओळी खरडल्या: जुनी गोष्ट आहे, आठवत नाही.

वर्षभराने तू तिला काढून टाकलंस, तेव्हा ती माझ्या दारात उभी राहिली. आईने तिला पाणी दिलं. मला वाटलं, आता वेळ आली, आणि मी मोठ्या ऐटीत वही तिच्यासमोर उघडली. तिने तारीख दोनदा वाचली.

"हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"माझं पत्र आलं तेव्हाही?"

मी वही मिटली. तिने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "शोभता खऱ्या बहिणी."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या दिवशी ती माझ्याशी जेवतानाही बोलली नाही.

चष्मेवाली मात्र दुसऱ्या दिवशी परत आली. माझ्यासाठी नव्हे, उत्तरासाठी. आठ महिने राबली, नवे स्फटिक तिने स्वतः वाढवले. चित्र इतकं स्वच्छ आलं की एकेक अणू मोजावा. जुळ्यातली दुसरीच. मंगळवारचा निबंध तिच्या एकटीच्या नावावर आहे. सोबत माझं सहीचं निवेदन छापतायत: वहीचं पान, आणि मला कधीपासून माहीत होतं त्याची तारीख. कॉलेज मला ठेवेल असं वाटत नाही. तुझ्याबरोबर मीही बुडतेय, पण तू आधी बुडावीस एवढी माझी इच्छा आहे.

इथे पत्र संपवणार होते. सही करून पाकिटातही घातलं होतं. पुन्हा काढलं.

बाबा शेवटच्या दिवशी शुद्धीवर नव्हते, काही बोलले नाहीत, असं मी तुला दारातच सांगितलं होतं. ते खोटं होतं. दुपारी ते चांगले तासभर जागे होते. मी विचारलं, "ताईला बोलावू का?" तर म्हणाले, "छे. अर्धं टाकून यायला लावू नकोस तिला. नंतर मनाला लावून घेईल ती. तिला सांग, मीच नको म्हटलं. खुशीने म्हटलं." मग पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "सांगशील ना? विसरणार नाहीस ना?" मी त्यांचा हात धरून हो म्हटलं.

दरवर्षी त्या तारखेला तू आईला फोन करतेस आणि "मी पोचले नाही ग" म्हणून रडतेस. आई फोन स्पीकरवर लावते, मी बाजूच्या खोलीत असते. सगळं ऐकू येतं. अकरा वर्षं मी तिथे बसून ते ऐकलं, आणि मला बरं वाटत राहिलं.

तुझी खुर्ची जाईल त्याचं मला वाईट वाटत नाही. स्फटिक माझे होते. पण बाबांचं ते बोलणं तुझं होतं, आणि ते मी दाबून ठेवलं.

माफी मागत नाही, आणि तुला माफ केलेलंही नाही. आईला अजून हे सांगितलेलं नाही. फोन केलास तर तूच सांग. मी उचलणार नाही.

धाकटी